वाहतूक नियोजन सगळ्यांसाठी न्याय्य आहे की नाही, हे विद्यापीठांतले संशोधक मोजतात तरी कसं?

मुख्यतः 'पोहोच' मोजून. एखाद्या वस्तीतून ठरावीक वेळात, समजा ४५ मिनिटांत, किती नोकऱ्या, शाळा, दवाखाने गाठता येतात ते काढायचं आणि गाडी असलेल्यांचा नि नसलेल्यांचा आकडा शेजारी शेजारी ठेवायचा. पोहोच मोजण्याचं सूत्र अमेरिकी वाहतूक-संशोधक वॉल्टर हॅन्सन यांनी १९५९ मध्येच मांडलं होतं. नुसता वाहनांचा वेग पाहिला, तर ज्याला घराबाहेर पडताच आलं नाही तो माणूस हिशेबात येतच नाही. नव्या रस्त्यामुळे किंवा मार्गामुळे प्रवासात वाचणाऱ्या वेळेची किंमत मिळकतीवरून लावली तर आणखी वाईट: ज्याची कमाई जास्त त्याची दहा मिनिटं महाग, म्हणून प्रकल्पही त्याच्याच बाजूला झुकतो. मला हा सगळ्यात मोठा अन्याय वाटतो. प्रवासाचं कारण नोंदवतानाही माणसं निसटतात. माद्रिदच्या तंत्रविद्यापीठातल्या इनेस सांचेस दे मादारियागा यांनी दाखवून दिलं, की मुलाला शाळेत सोडणं, आजाऱ्याला दवाखान्यात नेणं, वाटेत घरचं सामान आणणं या फेऱ्या 'खरेदी', 'इतर' अशा रकान्यांत विखुरतात. एकत्र धरल्या तर त्यांचा वाटा मोठा भरतो आणि त्या बहुतेक बायकाच करतात. एक मात्र लक्षात घ्या: पोहोच म्हणजे शक्यता, प्रत्यक्ष प्रवास नव्हे. नकाशावर थांबा ३०० मीटरवर दिसतो, पण वाटेत एक उंच पायरी असली तर व्हीलचेअरवरच्या माणसाला तो नसल्यातच जमा. म्हणून आकड्यांच्या जोडीला लोकांना प्रत्यक्ष विचारावंच लागतं.