रोबोटच्या साहाय्याने गुडघा बदलावा, की नेहमीच्या पद्धतीने?

प्रश्न : माझ्या आईचे वय ६८ असून संधिवाताने तिचा उजवा गुडघा पार झिजला आहे. औषधे आणि व्यायाम करूनही जिना चढवत नसल्यामुळे डॉक्टरांनी गुडघा बदलण्याचा सल्ला दिला आहे. रोबोट शस्त्रक्रिया करतो तेव्हा चूक होतच नाही, असे कानावर येते. नेहमीची शस्त्रक्रिया निवडली तर आईचे नुकसान होईल का?

उत्तर : सर्जन अनुभवी असतील, तर नेहमीच्या पद्धतीने आईंचे नुकसान होणार नाही. रोबोट स्वतः शस्त्रक्रिया करतो, हा समज मात्र मनातून काढून टाकावा. छेद घेण्यापासून टाके घालण्यापर्यंतची जबाबदारी सर्जनचीच असते. फरक पडतो तो हाडे कापताना. नेहमीच्या पद्धतीत बहुधा मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालून तिच्या आधाराने साचा बसवतात आणि त्याच्या खाचेतून करवत चालवतात. रोबोटिक पद्धतीत मांडीच्या व नडगीच्या हाडांत पिना रोवून त्यांवर ट्रॅकर, म्हणजे हाडाची नेमकी जागा संगणकाला कळवणाऱ्या खुणा, लावतात, आधीच्या सीटी स्कॅनवरून किंवा हाडावरचे बिंदू तिथेच टिपून संगणकावर सांध्याचा आराखडा करतात, आणि काही यंत्रांत करवत ठरलेल्या सीमेबाहेर जाऊ लागताच यांत्रिक हात तिला अडवतो. हाड कापण्यापूर्वीच पाय वाकवून आणि सरळ करून दोन्ही बाजूंच्या अस्थिबंधांचा (लिगामेंट) ताण आकड्यांत पाहता येतो, ही मला या तंत्राची सर्वांत मोलाची बाजू वाटते.

खुब्यापासून घोट्यापर्यंतची पायाची रेषा ठरल्यापेक्षा ३ अंशांहून अधिक चुकण्याचे प्रमाण या तंत्राने घटते, हे खरे आहे. पण रुग्णाला जाणवते ती वेदना आणि चाल, आणि त्या बाबतीत १० वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही दोन्ही पद्धतींच्या रुग्णांत उल्लेखनीय फरक न आढळलेले अभ्यास आहेत. बसवला जाणारा सांधा दोन्हीकडे धातूचा आणि पॉलिथिलीनचाच असतो. संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षे टिकतात, हा हिशेब मुख्यतः नेहमीच्या शस्त्रक्रियांवरूनच मांडलेला आहे. रोबोटिक शस्त्रक्रियेला बहुधा वेळ आणि खर्च अधिक लागतो, आणि पिनांच्या जागी जंतुसंसर्ग किंवा हाड मोडणे हे धोके, क्वचित का होईना, वाढतात.

मांडीच्या हाडात जुनी सळई किंवा प्लेट असेल, अथवा जुन्या फ्रॅक्चरमुळे हाड वाकडे जुळले असेल, तर पोकळीत सळई घालणे कठीण होते. अशा वेळी मी रोबोटिक पद्धतीकडे झुकेन. आईंच्या बाबतीत तसे काही नसल्यास सर्जनची निवड आधी करावी आणि यंत्राचा विचार नंतर. ते वर्षाला किती गुडघे बदलतात, आणि यंत्र मध्येच बंद पडले तर उरलेली शस्त्रक्रिया नेहमीच्या पद्धतीने पूर्ण करण्याची त्यांची तयारी आहे का, हे निःसंकोच विचारावे. मधुमेह असल्यास साखर आधीच आटोक्यात आणावी, आणि शस्त्रक्रियेनंतर गुडघा पूर्ण सरळ होण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पहिल्या दिवसापासून सुरू करावेत, कारण तिथे झालेली हयगय कोणतेही यंत्र भरून काढत नाही.