बालीला स्कूबा डायव्हिंगचा कोर्स करायचा असेल तर वेगळा व्हिसा लागतो का?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला राहता, तारकर्लीला एकदा इन्स्ट्रक्टरचा हात धरून पाण्याखाली जाऊन आलात आणि आता दहा दिवसांची रजा टाकून बालीला ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला प्रमाणपत्राचा, कोर्स करायचाय. ऑफिसातल्या कुणीतरी घाबरवलंय की ‘कोर्स’ म्हटलं की स्टुडंट व्हिसा लागतो.

नाही लागत. ओपन वॉटर हा तीन-चार दिवसांचा हौशी कोर्स आहे. इमिग्रेशनच्या लेखी तुम्ही साध्या पर्यटक. काउंटरवर कशासाठी आलात विचारलं तर ‘सुट्टीवर, डायव्हिंगला’ असं खुशाल सांगा. बालीत हे रोज शेकडो लोक सांगतात.

भारतीय पासपोर्टवर इंडोनेशियाचा व्हिसा ऑन अरायव्हल, म्हणजे पोहोचल्यावर विमानतळावरच, मिळतो. फी ५ लाख रुपिया, म्हणजे आपले साधारण अडीच-तीन हजार. आकडा बघून दचकू नका, तिथे नारळपाणीसुद्धा हजारांत असतं. मुदत ३० दिवस, पुढे एकदाच आणखी ३० दिवस वाढवता येते. पासपोर्ट पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध हवा, परतीचं किंवा पुढचं तिकीट हवं. विमानतळावर रांग लावण्यापेक्षा घरूनच ई-व्हिसा काढा, पण सरकारी साइटवरूनच. तिचा पत्ता ‘गो डॉट आयडी’ने संपतो. गुगलवर वर-वर दिसणाऱ्या चकचकीत साइट्स याच कामाचे दुप्पट पैसे घेतात. शिवाय पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ‘ऑल इंडोनेशिया’ नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, तो फुकट आहे. आणि बालीचा स्वतःचा पर्यटक कर १ लाख ५० हजार रुपिया, फेब्रुवारी २०२४ पासून. त्याचा व्हिसाशी संबंध नाही, वेगळा भरावा लागतो.

नावाचं एक सांगतो, कारण यात आपली मराठी माणसं हमखास अडकतात. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर पहिली दोन्ही ‘गिव्हन नेम’मध्ये जातात. फॉर्म भरताना लोक मधलं नाव गाळतात किंवा विमानाच्या तिकिटावर एक आणि व्हिसावर दुसरं लिहितात. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, त्यात जे आहे तेच आणि तेवढंच सगळीकडे लिहा.

आता तिकीट. स्वस्त पडतं म्हणून मुंबई ते सिंगापूर एका कंपनीचं आणि पुढे बालीपर्यंत दुसऱ्याचं, असं सुटं-सुटं काढू नका. सुट्या तिकिटांत बॅग बहुतेक वेळा मधेच ताब्यात घ्यावी लागते, आणि बॅगांचा पट्टा असतो इमिग्रेशनच्या पलीकडे, म्हणजे त्या देशात शिरावंच लागतं. नुसतं पाठीवर दप्तर असलेला माणूस कसाबसा निभावून नेतो. तुमच्याकडे फिन्स, मास्क, वेटसूट भरलेली पोतडी असणार. सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतो. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसामाफी दिली आहे, तिची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे, म्हणून क्वालालंपूरमार्गे गेलात तर हा घोळ कमी. तिथला डिजिटल अरायव्हल कार्डाचा फॉर्म मात्र भरावा लागतो. सगळ्यात बरं म्हणजे एकाच पीएनआरचं तिकीट.

या सगळ्याहून महत्त्वाचं, जे एजंट सांगत नाही: डायव्हरने दिवस मागून मोजायचे. पाण्याखाली अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, आणि विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब कमी असतो. म्हणून डायव्हिंग सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘डॅन’ संस्थेची शिफारस अशी, की एकच डाइव्ह केली असेल तर उडण्याआधी किमान १२ तास, रोज किंवा एकाहून जास्त केल्या असतील तर किमान १८ तास थांबा. मी सरळ २४ धरतो. तुमच्या दहा दिवसांतले जाण्या-येण्याचे दोन वजा करा, पाण्यात न उतरण्याचा शेवटचा दिवस वजा करा, आणि कानासाठी एक दिवस राखून ठेवा. उरले सहा. कोर्सला पुरेसे आहेत, फक्त तो शेवटी ठेवू नका.

कानाचं उगाच म्हणत नाही. माझा एक मित्र मोठी रजा काढून गेला होता, व्हिसा ३० दिवसांचा, परतीचं तिकीट एकोणतिसाव्या दिवसाचं. पोहोचल्याचा दिवस पहिला धरतात हे त्याला ठाऊक होतं, हिशेब चोख होता. सत्ताविसाव्या दिवशी सर्दी असताना ‘शेवटची एक’ म्हणून उतरला. संध्याकाळी कान गच्च, उशीवर रक्ताचा ठिपका. डॉक्टरांनी आत बघून सांगितलं, आठवडाभर विमान नाही. दुसऱ्या दिवशी कानात बोळा घालून हे महाशय व्हिसा वाढवायच्या खटपटीला लागले. मुदत संपायच्या आत अर्ज गेला म्हणून पुन्हा ५ लाखांत भागलं. नाहीतर ओव्हरस्टेचा, म्हणजे मुदतीपेक्षा जास्त राहिल्याचा, दंड दिवसाला १० लाख रुपिया आहे, आणि तिथे ‘कान दुखत होता’ हे चालत नाही.

याच कारणाने ट्रॅव्हल इन्शुरन्सचं बारीक टायपातलं पान वाचा. अनेक पॉलिसींत स्कूबा वगळलेलं असतं किंवा खोलीची मर्यादा असते. ओपन वॉटरला १८ मीटरपर्यंत जाता, तेवढं कव्हर हवं. आणि व्हिसा हातात असूनही किनाऱ्यावर बसावं लागेल अशी एक गोष्ट आहे: मेडिकल फॉर्म. दमा, बीपी, कानाचं ऑपरेशन असल्या प्रश्नांपैकी एकालाही ‘हो’ आलं तर बहुधा डॉक्टरची सही मागतात. डाइव्ह सेंटरकडून तो फॉर्म आधीच मागवा आणि नाशिकमध्येच आपल्या डॉक्टरकडून सही घ्या.

बालीऐवजी दुसरीकडे जायचं मनात आलं तर थोडक्यात. मालदीवला व्हिसा पोहोचल्यावर फुकट, पण आधीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ फॉर्म भरायचा. लाइव्हअबोर्डवर, म्हणजे मुक्कामाच्या डायव्हिंग बोटीवर, राहणार असाल तर पत्त्याच्या जागी बोटीचं नाव आणि बुकिंगचा कागद जवळ. थायलंडने जुलै २०२४ मध्ये आपल्याला ६० दिवसांची माफी दिली, मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड आलं. को ताओ बेटावर कोर्स स्वस्त पडतो. ही व्हिसामाफी सरकारं वर्षा-दोन वर्षांत फिरवतात, तेव्हा तिकीट काढायच्या आदल्या दिवशी दूतावासाची साइट बघाच. मलेशियाच्या साबा राज्यातलं सिपादान बेट डोळ्यांसमोर असेल तर आत्ताच नको: तिथे रोजचे परमिट मोजके, बेटावर मुक्काम बंद, आणि ओपन वॉटरच्या पुढच्या, अॅडव्हान्स्ड कोर्सचं कार्ड मागतात. शिवाय साबाचं इमिग्रेशन वेगळं, क्वालालंपूरहून देशांतर्गत विमानाने गेलात तरी पासपोर्ट पुन्हा दाखवावा लागतो.

तुम्ही शेवटी हळूच विचारलंय, ‘पुढे डाइव्हमास्टर इंटर्नशिप करत दोन महिने राहता येईल का?’ डाइव्हमास्टर म्हणजे इतरांना पाण्याखाली घेऊन जाणारा व्यावसायिक डायव्हर. फी भरून शिकणं एक, आणि गिऱ्हाइकांना घेऊन पाण्यात उतरणं वेगळं. सिलिंडर उचलणं, पाहुण्यांना सांभाळणं हे पगार न घेता केलं तरी काम धरलं जाऊ शकतं, आणि पर्यटक व्हिसावर कामाला परवानगी नाही. ‘सगळे असंच करतात’ म्हणणाऱ्या सेंटरकडून लेखी घ्या, कुठल्या व्हिसावर ठेवणार ते. मला एकाने त्यावर नुसता हसणारा इमोजी पाठवला होता.

पासपोर्ट स्कूटरवाल्याकडे डिपॉझिट म्हणून ठेवू नका, झेरॉक्स द्या. आणि बोटीवर नेऊ नका. ड्राय बॅगसुद्धा गळते. माझा एकदा भिजला, पानं पापडासारखी फुगली, आणि परतीच्या काउंटरवर त्या बाईंनी फोटोचं पान नखाने खरवडून पाहिलं. ती दोन मिनिटं मी विसरलेलो नाही.

जमलं तर कोर्सच्या शेवटच्या डाइव्ह बालीतल्याच तुलांबेन गावाला घ्या. १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारलेलं लिबर्टी हे अमेरिकी मालवाहू जहाज तिथे किनाऱ्याला आणून ठेवलं होतं, १९६३ साली आगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा ते घसरून पाण्यात गेलं. बोट लागत नाही, काळ्या गोट्यांवरून चालत आत शिरायचं. जाड तळाचे बूट न्या. तुम्ही तोल सावरत असता, आणि गावातल्या बाया डोक्यावर सिलिंडर घेऊन शेजारून झपाझप निघून जातात.