वाचकांचे प्रश्न : छळछावणी न पाहिलेल्याला ‘वाचलेला’ म्हणावे का?

प्रश्न : आमच्या वाचक मंडळाने ९ डिसेंबरला, ‘जेनोसाइड’ हा शब्द घडवणारे पोलंडचे ज्यू वकील राफाएल लेम्किन यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम ठरवला आहे. निमंत्रणपत्रिकेत आम्ही त्यांना ‘नरसंहारातून वाचलेले’ म्हटले, त्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली की, जो माणूस एक दिवसही छळछावणीत नव्हता त्याला असे कसे म्हणता येईल? शिवाय ज्यू व्यक्तीच्या तसबिरीला हार आणि दीपप्रज्वलन हा आपला शिरस्ता योग्य आहे का?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या तेव्हा लेम्किन वॉर्सामध्ये वकिली करत होते. तेथून निसटून लिथुआनिया, स्वीडन, सोव्हिएत रशिया आणि जपान असा अर्ध्या जगाचा वळसा घेऊन ते १९४१ मध्ये अमेरिकेत पोहोचले. मागे राहिलेल्या आईवडिलांसह त्यांच्या कुटुंबातील ४९ जण नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडात मारले गेले. जे थांबले ते गेले आणि जो निघाला तो उरला, एवढाच हा फरक आहे. तेव्हा ‘वाचलेले’ हा शब्द खुशाल ठेवा.

बदलायचा असेल तर ‘नरसंहार’ बदला. लेम्किन यांचा सारा झगडाच शब्दाच्या नेमकेपणासाठी होता. १९४४ च्या ग्रंथात त्यांनी ग्रीक ‘जेनोस’, म्हणजे वंश, आणि लॅटिनमधील हत्यावाचक प्रत्यय जोडून ‘जेनोसाइड’ हा शब्द घडवला, कारण किती माणसे मारली यापेक्षा एखादा समूह समूह म्हणून पुसून टाकण्याचा हेतू त्यांना कायद्याच्या पकडीत आणायचा होता. मराठीत तो अर्थ ‘वंशसंहार’ या शब्दात येतो. (मथळ्यांतून मात्र ‘नरसंहार’च सर्रास वापरला जातो आणि त्यात आमचाही दोष आहे.)

कार्यक्रमात भारताचा भाग अवश्य सांगा, कारण तो आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. वंशसंहार हा आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरवणारा ठराव संयुक्त राष्ट्रांत डिसेंबर १९४६ मध्ये मंजूर झाला. तो मांडणारे देश होते क्यूबा, पनामा आणि भारत. भारत तेव्हा स्वतंत्रही झालेला नव्हता आणि शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या. कोणत्याही देशाचे पद नसलेले लेम्किन या काळात प्रतिनिधींच्या मागे लागून पाठिंबा जमवत होते. पुढे ९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये वंशसंहारविरोधी आंतरराष्ट्रीय करार संमत झाला, म्हणून तुमची तारीख उत्तमच आहे. भारताने २७ ऑगस्ट १९५९ रोजी त्याला अनुसमर्थन, म्हणजे करार बंधनकारक मानण्याची औपचारिक मान्यता, दिले आणि दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये लेम्किन वारले. ज्या देशाने त्यांना आसरा दिला त्या अमेरिकेचे अनुसमर्थन यायला १९८८ उजाडले.

आता हाराविषयी. ज्यू परंपरेत कबरीवर फुलांपेक्षा लहानसा दगड ठेवण्याची रीत आहे, तेव्हा हार गाळला तरी चालेल. दिवा मात्र जरूर लावा, कारण मृताच्या स्मृतिदिनी दिवा लावणे त्यांच्याकडेही आहे. रास्ता पेठेत बेने इस्रायल या महाराष्ट्रातील ज्यू समाजाचे प्रार्थनामंदिर आहे आणि या समाजाची घरची भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठीच आहे. त्यांच्यापैकी कोणा जाणत्या व्यक्तीला आधी विचारून बोलवा. पुढील वर्षांत ही तारीख शुक्रवारी किंवा शनिवारी आली, तर शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतची वेळ टाळा. तो त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, असतो आणि आलेल्या पाहुण्यांची त्यात अडचण होईल.