साइट बंद करू नकोस

नागपूर

प्रिय मित्रा,
सस्नेह नमस्कार.

पिवळ्या मारबतीवरचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मिरवणुकीनं नेतात त्या पुतळ्यावरचा, तुझ्या साइटवरचा लेख वाचला. जागनाथ बुधवारी वस्तीतली त्या पुतळ्याची बांधणी इतक्या बारकाईनं लिहिलेली मी दुसरीकडे वाचली नाही. आणि तू म्हणतोस, कुणी फिरकत नाही, साइट बंद करून सगळं इन्स्टाग्रामवर नेतो. नको नेऊस.

तुझं लिहिणं कमी पडलेलं नाही, तिथवर पोचायच्या वाटा बुजल्यात. 1998 मध्ये गूगल सुरू झालं ते एका हिशेबावर: ज्या पानाला इतर पानांनी लिंक दिली, त्याचं वजन जास्त. तेव्हा साइटवाले एकमेकांना लिंक द्यायचे. पुढे ते लिहिणारेच फेसबुक-व्हॉट्सॲपवर गेले. ग्रुपमध्ये कुणी तुझी लिंक टाकली तरी गूगलला ती सहसा दिसत नाही. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये टाकली तर दाबून उघडतच नाही. वेगवेगळ्या साइटवरचे नवे लेख एका जागी वाचायला देणारं गूगल रीडर 2013 मध्ये बंद झालं, माणसांनी हातानं रचलेली डीमॉझ ही साइटची सूची 2017 मध्ये. मोठ्या साइटला लिंका आपोआप मिळत राहतात. त्यात 2024 पासून शोधाच्या वरच एआयचं उत्तर येऊ लागलं. ‘मारबत म्हणजे काय’ हे तिथंच कळलं की खाली कोण उतरणार?

म्हणून त्या उत्तरात न मावणारं लिही. यंदाच्या बडग्यांवरच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या टोमणे मारणाऱ्या पुतळ्यांवरच्या, पाट्या कुणी रंगवल्या, कोणत्या ओळीवर गर्दी हसली, हे तिथं हजर असलेल्यालाच सांगता येतं.

तुझ्या पानाचं शीर्षक आहे ‘आमची परंपरा’. अरे, त्यात मारबत नाही, तान्हा पोळा नाही, नागपूरही नाही! फोटोंची नावंही कॅमेऱ्यानं दिलेलीच. ते आजच बदल. बरेच लोक मराठी शब्द रोमन लिपीत शोधतात, तेव्हा पानाच्या पत्त्यात रोमन नाव ठेव.

मिरवणुकीचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर खुशाल टाक, पण पूर्ण लेख तुझ्याच पत्त्यावर राहू दे. ती कंपनी उद्या नियम बदलताना तुला विचारणार नाही. साइटचं आरएसएस फीड, म्हणजे नवा लेख आला की वाचकाला आपोआप कळवणारी सोय, चालू ठेव, वाचकांचे ईमेल जमव. आणि पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीवर, तिथल्या झाडीपट्टीच्या नाटकांवर, नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या पक्ष्यांवर स्वतःच्या साइटवर लिहिणारे शोध. ते देवोत न देवोत, तू त्यांना लिंक दे. मला सगळ्यात जास्त भरवसा याच कामाचा वाटतो.

शीर्षक बदललंस की कळव. माझ्या साइटवरच्या विदर्भाच्या पानावर तुझी लिंक लावतो.

तुझा,
काका