पीक गेलं तरी स्तुती?

भाऊ, बोंडअळीनं कपाशी खाल्ली, वरून सोसायटीचं कर्ज. अशात तोंडातून 'हालेलूया', म्हणजे देवाची स्तुती, निघत नाही, तर जबरदस्ती करू नकोस. आधी देवापुढे रड. बायबलमधल्या स्तोत्र 13 ची सुरुवातच 'कुठवर?' अशी आहे, आणि सहाव्या वचनात ते रचणारा दावीद राजा गाण्यावर येतो. मग हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 3:17-18 मोठ्यानं वाच. अंजीर फुललं नाही, शेत पिकलं नाही, गोठ्यात गुरं नाहीत. तो नुकसान लपवत नाही, एकेक सांगतो, आणि तरीही परमेश्वरात आनंद करतो. फिलिप्पै शहराच्या तुरुंगात मध्यरात्री गाणारा प्रेषित पौलही एकटा नव्हता, त्याचा साथी सीला सोबत होता. म्हणून रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येच. गाता नाही आलं तर नुसता बस, आम्ही गातो. आणि सावकाराकडे जाण्याआधी मला सांग.