घरच्या लहान लेथवर वाफेचं इंजिन बनवता येतं का? बॉयलर म्हणून तांब्याचा लोटा चालेल का?

इंजिन नक्की होईल. लोटा मात्र होता तिथे परत ठेवा. का, ते शेवटी सांगतो.

अडीच फुटी लेथ आणि बेंच ड्रिल आहे, मिलिंग मशीन नाही, असं तुम्ही लिहिलंय. पुरे आहे. माझं पहिलं इंजिन जिन्याखालच्या खोलीत एवढ्याच सामानावर झालं.

सुरुवात झुलत्या सिलिंडरच्या इंजिनापासून करा. त्यात वेगळा व्हॉल्व्ह नसतो. क्रँक (शाफ्टवरची चकती, तिच्या कडेच्या क्रँकपिनला पिस्टनचा दांडा अडकतो) फिरला की सिलिंडरच पिव्हटवर, म्हणजे त्याला फ्रेमवर धरणाऱ्या खिळीवर, डावी-उजवीकडे झुलतो. एका टोकाला त्याचं भोक फ्रेममधल्या वाफेच्या भोकासमोर येतं, दुसऱ्या टोकाला वाफ बाहेर सोडणाऱ्या भोकासमोर. एक्सेंट्रिक, स्लाइड व्हॉल्व्ह वगैरे वाफ आत-बाहेर सोडणाऱ्या वेगळ्या भागांची भानगडच नाही.

मापं अशी धरा: बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची धाव) १६ (म्हणजे क्रँकपिन शाफ्टच्या मध्यापासून ८ वर), शाफ्ट ते पिव्हट ४०, आणि पिव्हटच्या वर १४ वर सिलिंडरचं भोक. ८ भागिले ४० म्हणजे एक पंचमांश. तेव्हा ते भोक मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना १४ चा पाचवा हिस्सा, म्हणजे २.८ मिमी सरकणार. म्हणून तिन्ही भोकं २.५ मिमीची. मी हा हिशेब न करता, जास्त हवा गेली तर जोर जास्त मिळेल म्हणून ३ मिमीचं ड्रिल मारलं होतं. सिलिंडर मधोमध आला की त्याचं भोक फ्रेमच्या दोन्ही भोकांना एकदम लागायचं आणि आलेली हवा सरळ बाहेर. इंजिन नुसतं फुसफुसायचं. दोन रविवार मी पिस्टन पॉलिश करत बसलो, आणि चूक होती ड्रिलची!

फ्रेमवरची भोकं स्केलने आखू नका. एका पट्टीला पिव्हटचं भोक पाडा, त्याच्या वर १४ वर २.५ चं भोक, आणि खाली त्याच मध्यरेषेवर क्रँकपिन बसेल अशी लांबट खाच. आधी याच पट्टीवरून सिलिंडरचं भोक मारा. मग ती सिलिंडरच्या जागी फ्रेमवर लावा, क्रँक फिरवून पट्टी एका बाजूला पुरती कलली की तिच्यातूनच ड्रिल करा, तसंच दुसऱ्या बाजूला. क्रँकपिन जरासा चुकला असला तरी भोकं त्याच्याप्रमाणेच पडतात.

सिलिंडरला गनमेटल (मुख्यतः तांबं-कथिलाचा मिश्रधातू), पिस्टनला स्टेनलेस. सिलिंडर आणि फ्रेमचे एकमेकांवर घासणारे दोन्ही सपाट पृष्ठभाग काचेवर बारीक पॉलिश पेपर आणि तेल घेऊन घासा, सगळीकडे सारखी मळकट छटा येईपर्यंत. वेळ इथेच जातो, जाऊ द्या. सिलिंडरला फ्रेमवर दाबून धरणारी पिव्हटवरची स्प्रिंग फार आवळू नका. आत पाणी साचलं किंवा दाब वाढला तर सिलिंडर किंचित उचलला जाऊन मोकळा व्हायला हवा.

पहिल्यांदा चालवायचं ते हवेवर. टायरमध्ये हवा भरायच्या पंपाचा एक बारसुद्धा दाब पुरतो. हवेवर जे चालत नाही ते वाफेवरही चालणार नाही.

आता लोटा. गेजवर दोन बार दाब असताना पाणी सुमारे १३३ अंशांना उकळतं, आणि साधं शिशाचं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतं. पाणी आटलं आणि खाली ज्योत चालू राहिली की ते अंतर संपायला वेळ लागत नाही. शिवाय लोट्याचा पत्रा कुठे किती पातळ आहे हे बाहेरून कळत नाही, आणि सपाट तळ दाबाने फुगतो. तुम्हाला हवी ती रचना आपल्या आंघोळीच्या बंबात आहे: मध्ये धुराचं नळकांडं, भोवती पाणी. फक्त बंब वरून उघडा असतो, त्यात दाब साठतच नाही. बॉयलर करायचा तर तसाच उभा, जाड तांब्याच्या नळीचा, सगळे जोड सिल्व्हर ब्रेझिंगचे (चांदीच्या मिश्रधातूने, साध्या सोल्डरपेक्षा खूप जास्त तापमानाला केलेले). बुश (व्हॉल्व्ह, गेज बसवायच्या आटे पाडलेल्या कड्या) गनमेटलचे घाला. पितळेतलं जस्त गरम पाण्यात हळूहळू निघून जातं आणि आटे ठिसूळ होतात. सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर गेज आणि पाण्याची पातळी दाखवणारी काच, तिन्ही हवंच. दोन बारवर चालवायचा असेल तर आधी थंड पाण्याने काठोकाठ भरून, आत हवा न ठेवता, हातपंपाने चार बारपर्यंत तपासा. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे जोड सुटला तर थोडं पाणी गळून दाब उतरतो. हीच चाचणी हवेने केली तर तुकडे उडतात.

पहिल्यांदा वाफ सोडाल तेव्हा खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा. थंड सिलिंडर मिनिटभर तेलकट पाणीच थुंकतो.