बंब मागण्याआधी माणूस माग

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि तुझ्या नगरपरिषदेच्या अग्निशमन दलासाठी निधी मागणाऱ्या प्रस्तावाचा सोबतचा मसुदा वाचला. त्यात उंच शिडीचे वाहन आहे, फोम टेंडर, म्हणजे फेस मारणारा बंब आहे, बचाव वाहन आहे. फायरमन हा शब्द मात्र कुठेही नाही. पदाधिकाऱ्यांना शिडी हवी आहे, वरिष्ठ म्हणतात की निधी आहे तोवर मागून घ्या, आणि तुला रात्रपाळीचा हजेरीपट माहीत आहे. तुझा गोंधळ या तिसऱ्या गोष्टीमुळे झाला आहे आणि तो रास्त आहे. तोच प्रस्तावात उतरव.

केंद्राची 2023 ची अग्निशमन सेवा विस्तार व आधुनिकीकरण योजना तू वाचलीच असशील. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीतील पूर्वतयारी व क्षमतावृद्धीच्या वाट्यातून 5,000 कोटी रुपये ठेवले गेले, त्यांपैकी 500 कोटी कायदेशीर व पायाभूत सुधारणा करणाऱ्या राज्यांना प्रोत्साहन म्हणून. आपल्यासारख्या राज्याने स्वतःचे 25 टक्के घालायचे. नवी केंद्रे, प्रशिक्षण संस्थांचे बळकटीकरण, आधुनिक उपकरणे, मुख्यालय आणि शहरी केंद्रांची सुधारणा हे तिचे घटक आहेत. या यादीत फायरमनचा पगार नाही. तो नगरपरिषदेनेच द्यायचा, कारण 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नागरी स्वराज्य संस्थांच्या विषयांत आहे. म्हणजे गाडी एकाच्या पैशाने येते आणि ती चालवायची दुसऱ्याने. ही फट बुजवल्याशिवाय केलेली मागणी अपुरी आहे, हे मी तुला पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

हिशेब करून पाहा. एका बंबावर एका पाळीत लिडिंग फायरमन, चालक-यंत्रचालक आणि चार फायरमन धरले तर 6 जण, तीन पाळ्यांना 18. साप्ताहिक सुट्टी, रजा आणि आजारपण वेगळे. तुझ्या आकृतिबंधात, म्हणजे पदांच्या मंजूर आराखड्यात, मंजूर पदे किती, भरलेली किती आणि कंत्राटी किती, हे प्रत्येक वाहनासमोर लिही. धुरात शिरताना पाठीवर घ्यायचे हवेच्या सिलिंडरचे श्वसन संच मागतेस, पण सिलिंडर पुन्हा भरण्याचा कॉम्प्रेसर मागितलेला नाहीस. पहिल्या मोठ्या आगीनंतर ते संच कपाटात जातील. कॉम्प्रेसर आला तरी तो चालवणारा, तपासणीची नोंद ठेवणारा कोण? माणूस आधी, बंब नंतर.

हे मी हट्टाने सांगतो, कारण एकदा मी एक वाहन नाकारले होते. ते चालवायला प्रशिक्षित चालक नव्हता आणि नवी पदे मागितली की आस्थापना खर्चाच्या, म्हणजे पगारावरील खर्चाच्या, मर्यादेकडे बोट दाखवले जाई. 'आलेला निधी घालवणारा अधिकारी' असा शिक्का माझ्यावर बसला. आजही तोच निर्णय घेईन. चालकाविना उभी राहणारी गाडी गावाला खोटा दिलासा देते आणि पुढच्या वर्षी पदांची मागणी केली की 'गाडी दिली होती ना' हे उत्तर मिळते. मागितलेली पदे माझ्या कारकिर्दीत मंजूर झाली नाहीत, ही खंत मात्र राहिली.

आणि माणूस केवळ पाण्याची होज धरण्यासाठी लागत नाही. 9 जानेवारी 2021 च्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशु कक्षाच्या आगीत 10 बालके गेली. अशा कक्षातील वायरिंग, बाहेर पडण्याची वाट आणि धूर ओळखणारी यंत्रणा आगीच्या आधी पाहायची असते, आणि ते काम शिडीचे वाहन करत नाही. दर काही महिन्यांनी दारात जाऊन उभा राहणारा प्रशिक्षित माणूस करतो. तुझ्या मसुद्यात तपासणीचे मनुष्यबळ नाही, याचा मला खरोखर राग आला.

'पगाराला पैसे कुठून आणायचे' असे तू विचारशील. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमात अग्निशमन शुल्काची तरतूद आहे. ती रक्कम सर्वसाधारण जमेत विरघळू देऊ नकोस. स्वतंत्र लेखाशीर्षाचा, म्हणजे हिशेबात वेगळ्या खात्याचा, आणि त्यातून पदे भरण्याचा ठराव सभेपुढे ठेव. विरोध होईल, तरीही विषयपत्रिकेवर आण. ठराव झाला की त्याची प्रत प्रस्तावाला जोड.

शिडी यादीतून काढ असे मी म्हणत नाही. तुझ्या हद्दीत उंच इमारती असतील तर त्यांची यादी दे, शिडी तिथवर वळेल असे रस्ते दाखव आणि ती चालवणाऱ्यांची प्रशिक्षणाची तारीख लिही. एवढे लिहिता आले नाही तर त्या ओळीवर काट मार, मग कोणी कितीही रुसो.

सुधारित तक्ता राज्याच्या अग्निशमन संचालनालयाकडे जाण्यापूर्वी मला पाठव. मनुष्यबळाचा रकाना रिकामा दिसला तर मी पुढचे पान वाचणार नाही.